तुर्की पान आणि माझी जीभ

धुराची चव मला कळते असं मानणारा कोल्हापुरात एकच माणूस होता. त्याचा समज खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि अकरा वर्षं मी तो दूर केला नाही.

ते माझे घरमालक. शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागच्या बोळात त्यांचं दुमजली घर होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी खात्यात नोकरी लागली आणि मी नाशिकहून कोल्हापुरात आलो. कुणीतरी पत्ता दिला म्हणून खोली बघायला गेलो, तर दारात एक उंच, वाळके म्हातारे उभे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लिंगाचा दोरा आणि तोंडात पाइप. हे सगळं एकाच माणसावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नाव-गाव-जात राहिलं बाजूला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावणं, तंबाखू खाता?"

नाही म्हणालो. मशेरी? नाही. बिडी, गुटखा? नाही. मग तिखट किती खाता, असं विचारलं. बेताचं, म्हणालो.

"म्हंजे जीभ कोरी हाय," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाड्याचं बोलणं त्यांच्या बायकोने नंतर केलं.

सगळी पेठ त्यांना अप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अव्वा. मीही तेच म्हणू लागलो. मूळचं घराणं कुरुंदवाडचं, बिडीच्या तंबाखूचा पिढीजात व्यापार. दोघं आपसांत कानडी बोलत, बाकीच्यांशी मराठी. मूलबाळ नव्हतं. अप्पा मला 'इन्स्पेक्टर' म्हणत. कारखान्यात मी ओतकामातले नग तपासतो, भोकं पडलेले बाजूला काढतो, एवढं त्यांना कळलं होतं आणि ते काम त्यांना फार मोठं वाटायचं.

अप्पांचं सगळं जगणं जिभेच्या आणि नाकाच्या भोवती बांधलेलं होतं. कोल्हापुरात जन्म काढून हा माणूस चटणीला हात लावत नसे. त्यांच्यासाठी अव्वा वेगळा, फिका स्वयंपाक करीत. घरात उदबत्ती लावायची नाही. देवाला फुलं वाहायची ती बिनवासाची. "देवानं वास सोडला, पर ह्यास्नी सुटंना," असं अव्वा मला ऐकवायच्या. उन्हाळ्यात आमच्या बोळात घराघरातून चटणीसाठी मिरच्या भाजायला सुरुवात व्हायची. त्याआधी अप्पा प्रत्येक दारात जाऊन, हात जोडून, तुमचा भाजायचा दिवस कुठला ते विचारत आणि कॅलेंडरवर फुल्या मारत. मग तेवढे दिवस ते कुरुंदवाडला भावाकडे जाऊन राहत. पेठेतली माणसं हसायची, पण दिवस खरा सांगायची.

हे सगळं कशासाठी, तर एका पानासाठी. पाइपच्या तंबाखूच्या डब्यावर त्याला ओरिएंटल म्हणत असतील. अप्पा त्याला तुर्की पान म्हणत. तरुणपणी ते गुंटूरला पान खरेदीला जायचे. तिथे सिगारेट कंपनीच्या एका अधिकाऱ्याने त्यांना पाइप ओढायला शिकवलं आणि मिश्रणातलं तुर्की पान ओळखायला लावलं. तळहातापेक्षाही लहान पान, उन्हात वाळवलेलं. मिश्रणात ते चिमूटभरच घालतात. ते चिमूटभर जिभेला लागणं हे अप्पांच्या मते माणसाच्या जिभेचं शेवटचं शिक्षण होतं.

"व्हर्जिनिया पान गोड बोलतंय, म्होरं येऊन बसतंय," ते सांगत. "धुरी दिलेलं काळं पान पावण्यावानी आलं की सगळं घर त्याचंच. आणि हे तुर्की कोपऱ्यात बसतंय. असलेलं कळत न्हाई. नसलं की कळतंय."

मी राहायला गेल्यावर दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. आंघोळ करून या, पण वासाचा साबण नको, डोक्याला तेल नको, असा निरोप होता. खिडक्या लावलेल्या. पाटावर लोणच्याच्या असतात तशा चिनी मातीच्या तीन बरण्या, त्यांवर कानडीत चिठ्ठ्या, जी लिपी मला वाचता येत नव्हती. त्यांनी माझ्या हातात एक पाइप दिला. उष्टा नाही, नवा आहे, तुमच्यासाठी आणलाय, म्हणाले. धूर गिळायचा नाही. चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवायचा आणि थोडा नाकातून सोडायचा, हे दाखवून दिलं.

मी ओढला. डोळ्यांत पाणी आलं, जीभ पोळली. चव म्हणून काही लागलं नाही. धूर तो धूर.

"काय लागतंय?" त्यांनी विचारलं.

दुपारी खाणावळीत अंबाडीची भाजी खाल्ली होती आणि ती घशाशी येत होती. काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हणालो, "जरा आंबूस."

अप्पांनी तोंडातला पाइप काढला. मग म्हणाले, "परत म्हणा." मी परत म्हणालो. ते उठून आतल्या दारापर्यंत गेले आणि अव्वांना सांगितलं, "ह्यास्नी हुळी लागली." हुळी म्हणजे कानडीत आंबट. तीस वर्षांत त्यांनी कितीजणांना पाइप दिला होता. सगळे गोड म्हणत, कडू म्हणत, ठसका लागून पळून जात. आंबूस ही तुर्की पानाची खूण, आणि ते कोणी म्हणालं नव्हतं.

त्याच वेळी खरं सांगून टाकणं सोपं होतं. सगळे हसलो असतो आणि विषय संपला असता. पण कारखान्यात मी तेव्हा नवखा होतो, मॅनेजर चार लोकांत बोलायचा, शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. आणि इथे एक माणूस डोळे ओले करून माझ्याकडे बघत होता. मी गप्प बसलो.

मग दर रविवारी बोलावणं येऊ लागलं. अप्पा दोन पाइप भरून ठेवत, एकात तुर्की पान घातलेलं, एकात नाही. कुठल्यात आहे ते मी सांगायचं. पहिल्या तीन-चार रविवारी मी अंदाजाने बोललो आणि निम्म्या वेळा चुकलो. नवीन जीभ आहे, होईल तयार, असं त्यांनीच मला समजावलं. मग माझ्या लक्षात आलं की मी योग्य पाइप तोंडात धरला की अप्पांचा अंगठा आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे जातो. दुसरा धरला की ते खिडकीकडे बघतात. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मी क्वचितच चुकलो. अधूनमधून मुद्दाम चुकायचो, संशय येऊ नये म्हणून. हे लिहिताना आज कसंसंच होतं, पण तेव्हा मला त्यात हुशारी वाटायची.

ते पान कमी कमी करत गेले. चिमटीची अर्धी चिमूट झाली, मग चार पानांचा नुसता चुरा. माझी जीभ तयार होत चालल्याचा त्यांना कोण आनंद. बोळात कोणी भेटलं की सांगायचे, "कोल्हापुरात दोन जिभा हायत. एक माझी, एक इन्स्पेक्टरची."

एकदा गुंटूरचे ते अधिकारी आले. निवृत्त झाले होते, बायकोला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आले होते. दुपारी त्यांच्यासमोर माझी परीक्षा झाली. तीन पाइप, तिन्ही मी बरोबर सांगितले. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो जेवणं होईपर्यंत काढला नाही. संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला मी गेलो. रिक्षातून उतरल्यावर त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आप पाइप की तरफ नहीं देखते, उनकी तरफ देखते हैं."

मी त्यांचं सामान रिक्षातून उतरवू लागलो.

"कभी बता दीजिएगा उनको. भले आदमी हैं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. स्टेशनवरून चालत घरी येईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. घरी आलो तर अप्पा दारातच उभे होते, पाहुणे माझ्याविषयी काय म्हणाले ते विचारायला. मी म्हणालो, तुमचं कौतुक करत होते.

अप्पांना ओळखायचं तर त्यांचा माळ सांगितलाच पाहिजे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा कुरुंदवाडची नदीकाठची काळी जमीन सोडून अप्पांनी वरच्या अंगाचा अर्धा एकर मुरमाड माळ मागून घेतला. जिथे कुसळं उगवायची नाहीत तिथे. भावाने दोनदा विचारलं, नीट शुद्धीवर हायस न्हवं? पण अप्पांचं ठरलेलं होतं. गुंटूरच्या अधिकाऱ्याने त्यांना कागदाच्या पुडीत तुर्की पानाचं बी दिलं होतं, आणि सांगितलं होतं की हे पान चांगल्या जमिनीत वाढतं पण वास धरत नाही. त्याला उपाशी ठेवावं लागतं.

थंडीत मी त्यांच्याबरोबर एसटीने जायचो. गुडघ्याएवढी रोपं, चिकट लहान पानं. ती खुडायची, दाभणाने सुतळीत ओवायची, उन्हात टांगायची. सगळं अप्पा स्वतः करत. फुलं आली की प्रत्येक तुऱ्याला मलमलची पिशवी बांधायचे, कारण खाली भावाच्या रानात बिडीचा तंबाखू होता आणि त्याच्या परागाने बी भेसळ झालं असतं. पिशव्या अव्वा जुन्या धोतरांच्या शिवून देत. धाकटा भाऊ बांधावर उभा राहून मला म्हणायचा, "आमच्या अण्णाला दगडं पिकवायचा नाद हाय बघा." अप्पा ऐकून हसत. वर्षाकाठी बरणीभर पान निघायचं. ते विकायचं त्यांच्या कधी डोक्यातही आलं नाही. कुरुंदवाडच्या माळावर पिकलेलं तुर्की पानही आंबूस लागतं, एवढं त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि ते पटवून घ्यायला त्यांच्याकडे त्यांची स्वतःची जीभ सोडली तर फक्त माझी होती.

माझ्या तिथल्या आठव्या की नवव्या वर्षी फुलं आलेली असताना जोराचं वारं सुटलं आणि पिशव्या फाटून उडाल्या. वरच्या वाफ्यातल्याही आणि खालच्याही. जुनं बी सगळं पेरून संपलं होतं. आता कुठल्या वाफ्यातलं बी शुद्ध राहिलं आणि कुठल्यातलं बाटलं, ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही वेगवेगळं लावलं. पण त्या साली पाऊस असा दडला की सगळीच रोपं खुरटली आणि बघून काही फरक कळेना. अप्पा म्हणाले, हरकत नाही, पान मुरू दे, धूर सांगेल. दोन वाफ्यांचं पान दोन बरण्यांत ठेवलं, त्यांचं बी दोन लहान बाटल्यांत.

पान मुरायच्या आत अप्पा जिन्यावरून पडले. पायरी ओली होती. डोक्याचा मागचा भाग आपटला. चार दिवस दवाखान्यात होते, मग घरी आले आणि आठवड्यात हिंडू-फिरू लागले. आम्हाला वाटलं, निभावलं.

एका सकाळी अव्वा देवळात गेल्या होत्या. मी कारखान्याला जायला निघालो तर जिन्यात करपल्याचा वास. धावत खाली गेलो. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, आणि दोन हातांवर, दाराकडे पाठ करून, अप्पा पेपर वाचत बसले होते. मी गॅस बंद केला आणि म्हणालो, "अप्पा, दूध लागलं की."

त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर, दार लावा."

मी दार लावलं. पडल्यापासून काहीच येत नाही, असं त्यांनी सांगितलं. फुलाचा नाही, शेणाचा नाही, तंबाखूचा नाही. जेवण मातीसारखं लागतं. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित येईल परत, कदाचित नाही. अव्वांना सांगू नका, ती हाय खाईल, असं अप्पाच म्हणाले. एवढं सगळं त्यांनी हिशेबीपणे, रडं न आणता सांगितलं. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुमची जीभ. दोन्हीतलं एकच बी ठेवायचं हाय मला. दोन्ही ठेवलं की परत वारं सुटंल, परत भेसळ."

पुढच्या रविवारी खिडक्या लावून आम्ही बसलो. दोन बरण्या, दोन पाइप. मी आधी उजवीकडचा ओढला, मग डावीकडचा. धूर. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, अंगठा जागचा हलत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर वाचायला काही नव्हतं. कारण कुठलं पान कुठलं हे त्यांनाच माहीत नव्हतं. तेच माझा चेहरा वाचत होते.

डावीकडचा पाइप मध्येच विझला होता. तो परत पेटवायचा मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "उजवीकडचं."

"आंबूस हाय?"

"आहे."

"खात्री?"

"खात्री आहे."

कारखान्यात संशयाच्या नगावर मी कधी सही केली नाही. तो परत तपासायला पाठवायचो. इथे नुसतं 'दोन्ही ठेवा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'आज तोंडाला चव नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं उघडं न पाडताही मी त्यांचं बी वाचवू शकलो असतो, हे मला पुढे कितीदा सुचलं. त्या दिवशी सुचलं नाही, कारण आपण तज्ज्ञ आहोत याची मला सवय झाली होती.

अप्पा उठले. डावीकडच्या बरणीजवळची बाटली घेतली, मागच्या अंगणात गेले आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात, निखाऱ्यांवर ती रिकामी केली. बी इतकं बारीक की जळताना दिसलंही नाही. ते हात जोडून क्षणभर उभे राहिले आणि आत आले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. माघात आम्ही माळावर गेलो. लांबूनच मला काहीतरी वेगळं दिसलं. माळ हिरवागार होता. जवळ गेलो तर कमरेएवढी रोपं, आणि पान माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं. भाऊ बांधावर वाट बघत उभा होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. म्हणाला, "अण्णा, यंदा पान बघ की. माझ्यापरास भारी आलंय." त्याला मनापासून आनंद झाला होता.

अप्पा एका रोपापाशी बसले. पान दोन बोटांत धरून चोळलं, सवयीने नाकाशी नेलं आणि मग काय करतोय ते लक्षात येऊन हात खाली घेतला. "हे आपलं न्हाई," ते म्हणाले. भावाला काही कळेना.

परतीच्या एसटीने जयसिंगपूर सोडलं. मग अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाटल्या माझ्याकडनं बदलल्या. तुमी बरोबर सांगितलं, मी चुकीची जाळली. पडल्यापासनं डोसकं काम करीत न्हाई माझं."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. हातकणंगले गेलं, रुकडी गेली.

मला वाटलं होतं, दुःख आहे, महिन्या-दोन महिन्यांत ओसरेल. तसं झालं नाही. अप्पांचा स्वतःवरचा भरवसाच गेला. कपाटाच्या किल्ल्या त्यांनी अव्वांकडे दिल्या. आंघोळ झाली का माझी, असं विचारू लागले. मंडईला एकटे जाईनात, रस्ता चुकलो तर काय म्हणून. चाळीस वर्षं त्याच पेठेत राहिलेला माणूस. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. अप्पांचा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. डॉक्टरांना बाटल्यांचं ठाऊक नाही, असं ते मला म्हणाले. माळाचे कागद पुतण्याच्या नावावर करून द्यायचं बोलणं सुरू झालं. रविवारी मला बोलवायचे, पण आता नुसते बसून राहायचे आणि मध्येच विचारायचे, आज रविवारच न्हवं?

एकदा जिन्यात अव्वांनी मला थांबवलं. आवाज खाली आणून सांगितलं, "काल मला म्हणाले, तू माझी बायकोच न्हवं? नंतर म्हणाले, चेष्टा केली. पर चेष्टा न्हवती वो ती." मी त्यांना धीर दिला. वयोमानाने होतं असं, म्हणालो. हे वाक्य मी बोललो तेव्हा बाटल्या कोणी बदलल्या नव्हत्या हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

असं वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले.

मग मला कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बदली मिळाली. सामान बांधलं, टेम्पो ठरवला, आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खाली गेलो. मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. उद्यापासून त्यांच्या समोर यावं लागणार नाही, म्हणून धीर आला होता.

उभ्या उभ्याच सांगितलं. मला कधीच काही लागलं नाही. तुमचा अंगठा बघून सांगत होतो. त्या दिवशी अंगठा हलला नाही, म्हणून मनाने एक सांगितलं. बाटल्या बदलल्या नव्हत्या. तुम्ही माझ्या सांगण्यावरून जाळली तीच खरी होती.

अप्पा ऐकत होते. त्यांनी आपला अंगठा वर धरून त्याच्याकडे पाहिलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. कोल्हापुरात त्या लवकर येतात आणि मला त्या हव्या होत्या.

ते म्हणाले, "म्हंजे बाटल्या मी बदलल्या न्हाईत?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, अप्पा. तुमचं काही चुकलं नाही."

ते उठले. आतल्या दारापर्यंत गेले आणि अव्वांना मोठ्याने कानडीत काहीतरी सांगू लागले. अव्वा ओले हात पुसत बाहेर आल्या. ऐकता ऐकता उंबऱ्यावर खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. अप्पा त्यांच्या शेजारी वाकून परत परत तेच सांगत होते, त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांच्या माळावरचं पान माझ्यामुळे कायमचं संपलं होतं, आणि ते दोघं आनंदात होते. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी तिथून जाऊही शकत नव्हतो.

थोड्या वेळाने अप्पा माझ्याकडे वळले. आता राग येईल असं वाटलं. त्यांनी साध्या कुतूहलाने विचारलं, "काय बी लागत न्हवतं, तर एवढी वर्षं ओढलात कशापायी?"

"तुम्ही बोलवायचा म्हणून," मी म्हणालो.

"पाइप नसता तरी बोलावलं असतं की मी," ते म्हणाले.



ते तुर्की बी पुन्हा मिळालं नाही. अप्पांनी गुंटूरला पत्र टाकलं, पण ते अधिकारी वारले होते आणि त्यांच्या मुलाला बियांचं काही माहीत नव्हतं. माळावर भावाने शेवटी कुळीथ पेरला. अप्पांना वास परत आला नाही. पण कागद त्यांच्याच नावावर राहिले आणि किल्ल्या त्यांनी अव्वांकडून मागून घेतल्या. हे सगळं मला पत्रांतून कळलं. मी भेटायला येईन म्हणून लिहायचो आणि जात नव्हतो.

चार-पाच वर्षांनी अव्वांचा पुण्याला फोन आला, अप्पा गेल्याचं सांगायला. शेवटच्या आठवड्यापर्यंत एकटे मंडईला जात होते, म्हणाल्या. कधी रस्ता चुकले नाहीत, कोणाचं नाव विसरले नाहीत. "तुमी त्या दिवशी येऊन खरं सांगितलंसा, म्हणून ह्यांची शेवटची वर्षं चांगली गेली," असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले.

मी ते घेतले.